मखमलीवरची लाल गाठ

मावशीनं प्लेट उचलली, श्वास धरला आणि मखमलीवर सरळ खाली दाबली. तळहातानं एकदा, हलकेच. मग प्लेट तशीच सरळ वर. हात जरा जरी सरकला तरी सगळं फिसकटतं, ठिपक्याला ठिपका चिकटतो आणि दिवसभराची मेहनत बोंबलते. तिनं ती प्लेट बाजूला ठेवली, दुसरी कोरी घेतली, त्याच मखमलीवर दाबली. मग तिसरी. अकरा वर्षांत असे किती शिक्के मारले त्याचा हिशोब तिच्याकडे नव्हता, पण बिघडलेले किती ते माहीत होतं. चार. चारही पहिल्या वर्षातले.

तेवढ्यात दारातून ऑफिसचा क्लार्क ओरडला, "मावशी! तुम्हाला कायम करायची फाइल आलीये. दहा मिनिटांत सही करा, नाहीतर साहेब निघाले."

मावशीच्या हातात तिसरी प्लेट होती. रेघा मारायच्या राहिल्या होत्या.

"जा हो मावशी," शेजारच्या टेबलावरचा चष्मा म्हणाला. "रेघा मी मारतो. अकरा वर्षांनी फाइल हललीये, ती काय थांबणारे का तुमच्यासाठी?"

चष्मा म्हणजे लॅबमधला पीएचडीचा पोरगा. वय सत्तावीस. भिंगं एवढी जाड की डोळे दोन माशांसारखे दिसायचे. मावशीला तो आवडायचा. जेवायला विसरायचा म्हणून ती आपल्या डब्यातलं अर्धं त्याच्यासमोर सरकवायची, आणि तो न बघता खायचा. चार वर्षं हेच चाललं होतं.

मावशीनं हातमोजे काढले आणि गेली. एवढंच घडलं त्या गुरुवारी. बाकी सगळी आग यातूनच लागली.

आता ही मखमलीची भानगड काय ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

त्या लॅबमध्ये एका जंतूच्या एका प्रोटीनचा अभ्यास चालायचा. जंतू वाढतो, मधोमध आवळला जातो, एकाचे दोन होतात. तो आवळण्याचं काम हे प्रोटीन करतं असा लॅबच्या प्रमुख मॅडमचा अंदाज होता. पण सिद्ध कसं करणार? एखादी वस्तू कशाला लागते हे बघायचं तर ती काढून बघायची. इथे ते जमत नाही, कारण हे प्रोटीन काढलं की जंतूच मरतो, आणि मेलेला काही सांगत नाही. मग युक्ती अशी, की प्रोटीन काढायचं नाही, त्याच्यात चूक घालायची. हजारो जंतूंमध्ये हजार वेगवेगळ्या चुका. त्यातला एखादा असा निघतो की थंडाव्यात त्याचं प्रोटीन नीट चालतं आणि गरम केलं की लंगडं पडतं. असा एक सापडला की काम झालं. थंडाव्यात पोसायचा, हवं तेव्हा गरम करायचा, आणि काय बंद पडतं ते डोळ्यांनी बघायचं. अशा जंतूला ते म्युटंट म्हणतात.

मावशीला हे चष्म्यानंच सांगितलं होतं. सांगून झाल्यावर ती म्हणाली होती, "म्हणजे माणसाची किंमत कळायला त्याला ताप आणायचा."

"अगदी तसंच," म्हणत तो हसला होता.

मखमल लागते ती शोधायला. प्लेट म्हणजे झाकणाची बशी, आत मऊ जेली, तिच्यावर बावन्न ठिपके ओळीनं मांडलेले. प्रत्येक ठिपका म्हणजे एका जंतूची पिलावळ. ती प्लेट मखमलीवर दाबली की लवेच्या टोकांना प्रत्येक ठिपक्यातलं थोडं थोडं लागतं. मग त्यावर दोन कोऱ्या प्लेटा दाबायच्या. एक तीस डिग्रीच्या पेटीत, एक बेचाळीसच्या. थंड प्लेटवर सगळे ठिपके उगवतात. गरम प्लेटवर जिथे मोकळी जागा दिसेल, तिथला आपला.

पण ठिपक्यांची मांडणी अशी असते की प्लेट उलटी धरली तरी तशीच दिसते. सतरावा ठिपका फिरून छत्तिसाव्याच्या जागी येतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून प्रत्येक प्लेटला घड्याळात बारा असतात तिथे एक रेघ मारायची. आणि रेघ मारायची ती खालच्या बशीवर. झाकणावर नाही. झाकण निघतं, फिरतं, अदलाबदल होतं. हे मावशीनं स्वतःच्या अक्षरात लिहून फ्रीजवर चिकटवलं होतं: "झाकणावर लिहू नये. लिहिणाऱ्याला शिक्षा होईल." नव्या पोरांना ते वाचून हसू यायचं.

मखमल तिच्या नवऱ्यानं शिवलेली. काका शिंपी. दुकान म्हणजे एक मशीन, एक आरसा आणि एक स्टूल. पहिल्या वर्षी चार शिक्के बिघडले तेव्हा मावशी घरी येऊन रडली होती. काकानं लॅबचं कापड बोटानं चाचपलं आणि म्हणाला, "ही कसली मखमल? लव चारी दिशांना. असल्या कापडाची तर मी कुणाला कोटाची कॉलरही शिवणार नाही." मग त्यानं स्वतःच्या दुकानातलं चांगलं कापड काढलं, एकसारखे तुकडे कापले, कडा दुमडल्या, आणि लव कुठल्या बाजूला जाते ते कळावं म्हणून प्रत्येक तुकड्याला वरच्या बाजूला, शिक्क्याच्या आतच, लाल दोऱ्याची एक बारीक गाठ घातली. असे एक्केचाळीस तुकडे. लॅबनं कधी विचारलं नाही की हे आले कुठून. शिक्के चांगले उठायला लागले, विषय संपला.

शुक्रवारी चष्म्यानं प्लेटा बघितल्या. एका गरम प्लेटवर मोकळी जागा. त्यानं रेघा जुळवल्या, थंड प्लेटवरचा सतरावा ठिपका खरवडून घेतला आणि लॅबभर नाचला. मॅडमनी त्याच्या पाठीवर थाप मारली. पुढच्या महिन्यात बाहेरची माणसं काम तपासायला येणार होती, त्यांच्यासमोर ठेवायला असंच काहीतरी हवं होतं. सतराला लॅबमध्ये "राजा" म्हणायला लागले.

सोमवारी राजाला गरम पेटीत घातलं. मंगळवारी सकाळी बघितलं तर राजा मजेत. काठोकाठ उगवलेला. ताप नाही, लंगडेपणा नाही, काही नाही.

मंगळवारी दुपारी मीटिंग असते. दहा-बारा जण गोल बसतात आणि मावशी मागे सिंकपाशी भांडी विसळत असते. मॅडमनी विचारलं, "हे झालं कसं?"

चष्म्यानं वही उघडली. मग म्हणाला, "शिक्का मारताना मखमल फिरली असणार."

"शिक्के कुणी मारले?"

सगळ्यांनी मागे वळून बघितलं.

मावशीनं नळ बंद केला. "माझी मखमल फिरत नाही, मॅडम."

"मावशी, अकरा वर्षं झाली," मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "दीड वर्षाचं काम आहे हे. तुमचं लक्ष फाइलकडे होतं त्या दिवशी, मला माहितीये. पण कायम व्हायच्या आधीच हे असं, तर नंतर काय?"

कुणीतरी खुसकन हसलं. मावशीनं कोण ते बघितलं नाही. चष्म्याकडे बघत राहिली. चष्मा वहीत बघत राहिला.

संध्याकाळी क्लार्कनं तिला जिन्यात गाठलं. "मावशी, मॅडमनी फाइलला कागद लावलाय. कामात हलगर्जीपणा म्हणून. शुक्रवारी सही होईल असं वाटत नाही."

मावशी घरी आली आणि चप्पल भिरकावली. एक पलंगाखाली गेली, एक काकाच्या पायाशी येऊन पडली.

"कुणाच्या थोबाडात मारायची होती ही?" काकानं विचारलं.

तिनं सगळं सांगितलं. मध्येच उठत होती, भांडी हलवत होती, परत बसत होती. "सगळे मला मावशी म्हणतात. आईची बहीण आहे का मी त्यांची? मावशी म्हटलं की नाव विचारावं लागत नाही. आज मीटिंगमध्ये एकाला तरी वाटलं का, की मावशीवर कुणी बोललं तर आपण बोलावं?"

काका ऐकत होता. हातातलं बटण टाचायचं थांबलं होतं. "मखमल फिरली म्हणाला?"

"हो."

"फिरेल कशी? लाल गाठ कशाला घातलीये मी? तुला शोभा यावी म्हणून?"

"गाठ मला दिसते रे. त्यांना काय सांगू? गाठ मखमलीवर, प्लेटवर थोडीच असते?"

काकानं तिचा हात ओढला आणि मनगटाखाली आपलं बोट धरलं. बाही जिथे दिवसभर घट्ट बसली होती तिथे शिवणीचा वळ उठला होता. "तुझी ती जेली तुझ्या कातडीपेक्षा मऊ असते ना?"

मावशी हाताकडे बघत राहिली. मग ताडकन उठली. "खड्डा! प्रत्येक प्लेटवर बारीक खड्डा असतो. अकरा वर्षं बघतेय आणि डोक्यात नाही आलं!"

"कारण डोकं चप्पल फेकण्यात गुंतलेलं," काका म्हणाला.

बुधवारी ती सात वाजताच लॅबला पोचली. प्लेटा पंधरा दिवस फ्रीजमध्ये ठेवायच्या असा नियम. तिनं दोन्ही फ्रीज उपसले. गुरुवारची मूळ प्लेट होती. थंडवाली नव्हती. गरमवाली नव्हती.

ती मागच्या खोलीकडे धावली. तिथे कुकरदादा असतो. वापरलेल्या प्लेटा फेकायच्या आधी वाफेत शिजवून जंतू मारायचे हे त्याचं काम. कुकर म्हणजे माणूस बसेल एवढा पोलादी डबा. रोज नऊला लागतो. आज साडेसात वाजायच्या आधीच कुकरदादा झाकणाचे नट पिळत होता.

"थांब! उघड ते."

"काय विसरलीस? कुंकवाची डबी?"

"प्लेटा आहेत त्यात माझ्या. वाफ सोडलीस का?"

"अजून नाही. पण आज एवढ्या लवकर लावायचं कारण..." आणि कुकरदादा जरा जवळ येऊन हळू आवाजात काहीतरी बोलला.

मावशीनं ऐकून घेतलं.

"ते राहू दे," ती म्हणाली. "झाकण उघड."

तीन पिशव्या उलट्या केल्या. तिसरीत सापडल्या. दोन्हीच्या झाकणावर चष्म्याच्या अक्षरात नंबर, तारीख आणि रेघ. झाकणावर. खालच्या बशा कोऱ्या करकरीत.

मॅडम साडेनवाला आल्या. मावशी खोलीबाहेर उभीच होती. चष्मा आधीच आत होता.

"दोन मिनिटं," मावशी म्हणाली आणि दोन्ही प्लेटा टेबलावर ठेवल्या.

चष्म्याचा चेहरा चुन्यासारखा झाला, पण तो हुशार पोरगा. लगेच म्हणाला, "कचऱ्यात झाकणं फिरली असतील. आता रेघांवरून काही सांगता येणार नाही."

"झाकणं फेकून दे," मावशी म्हणाली आणि दोन्ही झाकणं काढून खरंच केराच्या टोपलीत टाकली. "आता बघा. इथे जेलीत खड्डा दिसतो? हा लाल गाठीचा. माझ्या नवऱ्यानं घातलेली गाठ. ती दर शिक्क्याला वरच्या बाजूला, बाराच्या जागी येते. दुसऱ्या प्लेटवर पण बघा. आहे? आता दोन्ही खड्डे वर धरा."

मॅडमनी धरले. चष्म्याकडे न बघता त्यांनी पेन उचललं आणि मोजायला लागल्या.

"थंड प्लेटवर यानं खरवडलंय ते सतराला," मावशी म्हणाली. "आणि गरम प्लेटवर मोकळी जागा?"

मॅडम मोजून थांबल्या. "छत्तीस."

"माझी मखमल फिरली नाही. यानं झाकणावर रेघ मारली आणि झाकण फिरलं. राजा अजून छत्तिसावर बसलाय. मूळ प्लेट फ्रीजमध्ये आहे, जाऊन घ्या."

चष्मा जमिनीकडे बघत होता. मावशी त्याला म्हणाली, "आजपासून तुझा माझा छत्तीसचाच आकडा." आणि बाहेर आली. तेवढंच काय ते तोंडसुख.

त्या प्लेटा सापडल्या कुठे, हे आत कुणीही विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळपर्यंत सगळं उजेडात आलं. छत्तिसाव्याला थंडाव्यात ठेवला, मस्त. गरम केला, खलास. कुणीतरी मावशीला हाताला धरून सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. तिनं डोळा लावला. जंतूंचे दोरे झाले होते. लांबच लांब, न तुटलेले. वाढत होते, पण मध्ये आवळले जात नव्हते, एकाचे दोन होत नव्हते. मॅडमचा अंदाज खरा होता. लॅबमध्ये टाळ्या पडल्या. चष्म्याच्या पाठीवर परत थाप पडली.

दुपारी मॅडमनी मावशीला बोलावलं. फाइल उघडीच होती.

"सही करतेय मी," मॅडम म्हणाल्या. "अभिनंदन. कायम झालात."

मावशीनं फाइल आपल्याकडे फिरवली. वाचायला वेळ लागला. शाळा सातवीत सुटलेली, पण वाचते ती शब्दन् शब्द. "हलगर्जीपणाचा कागद अजून आहे यात. आणि हे काय? एक वर्ष देखरेखीखाली?"

"तो कागद ऑफिसच्या नोंदीत गेलाय. काढता येत नाही. त्याच्यामुळे ते देखरेखीचं येतं. नावालाच असतं हो. कोण बघतंय तुमच्यावर?"

"काढता येत नसेल तर खाली अजून एक लावा. चूक माझी नव्हती एवढंच लिहा. एक ओळ."

मॅडमनी डोळे चोळले. "तसं लिहिलं की वरून विचारणार, मग कुणाची होती. त्याची शिष्यवृत्ती या महिन्यात पुढे जायचीये, मावशी. पोराचं आयुष्य आहे."

"आणि हे काय आहे?" मावशीनं फाइलवर बोट आपटलं. "हे कुणाचंय?"

"तुम्ही कायम होताय. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

"सगळ्यांसमोर बोललात. सगळ्यांसमोर परत घ्या. तेही नको, एक ओळ लिहा."

"विषय वाढवू नका. संपलाय तो."

मॅडमचं पेन सहीच्या जागेवर टेकलं होतं. मावशीनं फाइल ओढून बंद केली, पेनाची रेघ कागदभर गेली.

"अकरा वर्षं सहा-सहा महिन्यांच्या कागदावर राहिले," ती म्हणाली, आणि आवाज आता लॅबभर ऐकू येत होता. "एकदाही रेघ वाकडी मारली नाही. आता कायमच्या कागदावर ही वाकडी ओळ घेऊन बसू? तुमचा जंतू मेला तर दीड वर्ष गेलं म्हणून रडता. माझी अकरा गेली तर विषय वाढवू नका?"

ती बाहेर आली. कपाट उघडलं. धुतलेल्या, वाफवलेल्या, कागदात गुंडाळलेल्या मखमलीचे एक्केचाळीस तुकडे मोजून पिशवीत भरले.

"मावशी, ते लॅबचं सामान आहे," एक नवी पोरगी घाबरत म्हणाली.

"पावती दाखव," मावशी म्हणाली.

दारात चष्मा उभा होता. काहीतरी बोलायला तोंड उघडलं त्यानं. मावशीनं पिशवीतून डबा काढला, त्या दिवशीचा, न उघडलेला, आणि त्याच्या हातात कोंबला. "जेव. परत विसरशील." आणि निघाली. जिन्यात तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता.

आता ती दुकानात काकाच्या शेजारी बसते. काज करते, फॉल लावते, गिऱ्हाइकांशी भांडते. मखमलीच्या दोन-चार तुकड्यांची तिनं टाचण्या टोचायची गादी केली, बाकीचे तसेच आहेत. छत्तीस नंबरवर त्यांचा पेपर छापून आला, पाच नावं होती, तिचं नव्हतं. घरात सगळ्यांचंच रक्त तापलं. काका म्हणाला जाऊन काच फोडतो. तीच शांत. "माझा राग त्या ओळीवर आहे," म्हणाली, "पोरावर नाही." तेव्हा काकाला हा तिचा वेडेपणा वाटला होता.

दोन वर्षांनी कुकरदादा पँटची चेन बदलायला दुकानात आला. मावशी बाजारात गेली होती, म्हणून काकासमोर त्याची जीभ सैल झाली. मंगळवारी संध्याकाळी, मीटिंग संपल्यावर तासाभरात, चष्मा स्वतः दोन प्लेटा घेऊन मागच्या खोलीत आला होता. त्यानं त्या पिशवीच्या तळाशी घातल्या आणि म्हणाला, "दादा, उद्या कुकर सातलाच लावा. कुणी विचारलं तर माझं नाव घेऊ नका." झाकण फिरल्याचं त्याला तेव्हाच कळलं होतं.

आणि कुकरदादानं हे बुधवारी सकाळीच, झाकण उघडायच्या आधी, मावशीच्या कानात सांगितलं होतं. मॅडमच्या खोलीत दोन्ही वेळा तिला हे एक वाक्य फक्त बोलायचं होतं, फाइल त्या क्षणी साफ झाली असती. ती बोलली नाही. वर कुकरदादालाच दम भरला होता: "हे बाहेर गेलं तर त्या पोराला हाकलतील. घाबरून केलंय त्यानं. तोंड उघडलंस तर त्याच कुकरमध्ये तुला घालीन."